बाटलीवरचा आकडा आणि पोटातला आकडा: व्हेपमधलं निकोटीन हळूहळू उतरवताना

सिगारेट सुटून पाच महिने झाले होते, तेव्हा मी व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, लिक्विडमध्ये एका फटक्यात मिलीला १२ मिलिग्रॅम निकोटीनवरून ६ वर आलो. आकडा निम्म्यावर आला म्हणून स्वारी खूश. मग लक्षात आलं, की ३० मिलीची जी बाटली आधी दहा दिवस पुरायची ती आता साडेपाच दिवसांतच तळाला जातेय. एका रात्री कागद घेऊन बसलो. आधी रोज ३ मिली, गुणिले १२, म्हणजे ३६ मिलिग्रॅम. आता साडेपाच मिली, गुणिले ६, म्हणजे ३३. महिनाभर दिवसरात्र वाफा काढून, कॉइल (लिक्विड तापवणारी तार) जाळून, घरच्यांवर खेकसून मी वाचवले होते फक्त तीन मिलिग्रॅम.

हा लेख त्या कागदावरच्या हिशोबातून आलाय. सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्या आणि आता निकोटीन कमी करू बघणाऱ्या माणसाने बाटलीवरच्या आकड्यावर नजर ठेवू नये, दिवसाच्या एकूण हिशोबावर ठेवावी. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

कोणी उतरावं, कोणी थांबावं

एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही अजून अधूनमधून सिगारेट ओढत असाल, कुणी दिली तर नाही म्हणवत नसेल, जेवणानंतरची एक अजून चालू असेल, तर निकोटीन उतरवायचं नाव काढू नका. उलट व्हेपमध्ये पुरेसं निकोटीन घ्या आणि ती शेवटची सिगारेट आधी बंद करा. सिगारेटने होणारा कर्करोग, हृदयविकार, फुप्फुसांचे आजार हे मुख्यतः तंबाखू जळताना निघणाऱ्या धुरातून येतात: डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि त्यासोबतची शेकडो रसायनं. निकोटीन व्यसन लावतं, नाडी वाढवतं, निरुपद्रवी अजिबात नाही; पण धुराच्या तुलनेत तो धाकटा गुन्हेगार आहे. धाकट्याला घाईने हाकलण्याच्या नादात थोरला घरात परत आला तर तो सौदा तोट्याचाच.

माझा साधा नियम असा: शेवटची सिगारेट ओढून किमान दोन-तीन महिने झालेत, आणि कोणी शेजारी उभं राहून ओढत असलं तरी हात शिवशिवत नाही, मगच पहिली पायरी. घर बदलताय, परीक्षा आहे, घरात आजारपण आहे, तर महिनाभर पुढे ढकला. काही बिघडत नाही.

आणि उशीर झाला म्हणून लाजू नका. २०१९ साली ब्रिटनमधल्या ८८६ जणांवर केलेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतरही सिगारेटपासून दूर होते. निकोटीनचे पॅच, गम अशी साधनं दिलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्के निघालं. व्हेपची बाजू भक्कम दिसते. पण त्याच चाचणीत, व्हेपच्या गटातल्या ज्यांची सिगारेट सुटली होती त्यांच्यापैकी ८० टक्के लोक वर्षाअखेरीस व्हेप ओढतच होते. दुसऱ्या गटात आपलं साधन धरून बसलेले अवघे ९ टक्के. म्हणजे व्हेपवर येणं सोपं, उतरणं अवघड, आणि यात तुम्ही एकटे नाही.

ज्यांनी सिगारेट कधी ओढलीच नाही त्यांच्यासाठी हा लेख नाही. त्यांनी व्हेपला हातच लावू नये. गरोदर असाल, हृदयाचा आजार असेल, मानसिक आजारावर औषधं चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलून मगच वेळापत्रक ठरवा. आणि कायदा देशोदेशी वेगळा आहे. युरोपीय संघात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंतच निकोटीन विकता येतं. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात सगळंच बंद आहे. जिथे विक्री बंद असते तिथे चोरून मिळणाऱ्या बाटलीवर लिहिलेला आकडा खरा असेलच असं नाही, आणि खालचा सगळा हिशोब त्या आकड्यावरच उभा आहे. अशा ठिकाणी डॉक्टरांच्या मदतीने पॅच आणि गमच्या वाटेने उतरणं हाच शहाणपणाचा मार्ग.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त मोजा

सगळ्यांना पहिल्या दिवसापासून कमी करायचं असतं. नका करू. सात दिवस नेहमीसारखं ओढा आणि तीन गोष्टी लिहा.

पहिली, दिवसाला किती मिली लिक्विड जातं. रोज मोजायचा कंटाळा येत असेल तर बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहा आणि संपल्यावर भागाकार करा. मग मिली गुणिले बाटलीवरचा आकडा. बाटलीवर टक्के असतील तर दहाने गुणा: २ टक्के म्हणजे मिलीला साधारण २० मिलिग्रॅम, ५ टक्के म्हणजे साधारण ५०. हा झाला तुमचा रोजचा आकडा. यातलं सगळंच निकोटीन रक्तात जात नाही, किती जातं ते यंत्रावर आणि ओढण्याच्या पद्धतीवर ठरतं. म्हणून तुमचा आकडा मित्राच्या आकड्याशी ताडून पाहू नका. स्वतःच्याच मागच्या महिन्याशी ताडून पाहायला तो उत्तम आहे.

दुसरी गोष्ट, सकाळी डोळे उघडल्यापासून किती मिनिटांनी पहिला झुरका घेता. सिगारेटचं व्यसन किती खोल आहे हे तपासणाऱ्या फागेरस्ट्रॉम चाचणीत हा प्रश्न सर्वांत जास्त वजनाच्या दोन प्रश्नांपैकी एक आहे: पाच मिनिटांच्या आत, अर्ध्या तासाच्या आत, तासाच्या आत, की त्यानंतर. निकोटीन रक्तातून भराभर उतरतं, दर दोनेक तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. रात्रभराच्या झोपेत टाकी जवळजवळ रिकामी होते. त्या रिकाम्या टाकीवर तुम्ही किती वेळ काढू शकता, हे मिनिटं सांगतात. पाच मिनिटांच्या आत हात उशीखाली जात असेल तर सावकाश चाला, पायऱ्या लहान ठेवा.

तिसरी, कोणते झुरके तलफेचे आणि कोणते नुसतेच हाताला चाळा म्हणून. हे लिहिताना मला माझीच गंमत वाटली होती. फोन वाजला की झुरका, फोन ठेवला की झुरका, लिफ्टची वाट बघताना हात खिशात. दिवसातले निम्मे तरी झुरके मला नको असताना घेतलेले होते. पुढे हेच सर्वांत आधी आणि विनासायास गेले.

यंत्र आणि लिक्विड: एका वेळी एकच बदल

इथे नवखी माणसं हमखास चुकतात, म्हणून जरा थांबून.

सिगारेटसारखं आधी तोंडात आणि मग छातीत ओढायचं लहान पॉड कमी वॅटवर चालतं, थोडी वाफ देतं, आणि त्यात जास्त ताकदीचं लिक्विड चालतं. थेट छातीत ओढायचं मोठं यंत्र चाळीस, साठ, ऐंशी वॅटवर ढगच्या ढग काढतं. त्यात ३ चं लिक्विडही भरपूर होतं. माझ्या ओळखीतल्या एकाने १२ चं पॉड सोडून ३ चं मोठं यंत्र घेतलं आणि 'निकोटीन पाव केलं' असं सांगत सुटला. तो दिवसाला १५ मिली संपवत होता. पंधरा त्रिक पंचेचाळीस. पॉडवर असताना त्याचा हिशोब चोवीसचा होता.

तेव्हा उतरायचं ठरवल्यावर यंत्र तेच ठेवा, कॉइल त्याच जातीचं, वॅट तेवढेच. फक्त लिक्विडची ताकद बदला. यंत्र बदलायचंच असेल तर बदला, पण मग महिनाभर निकोटीनला हात लावू नका आणि नव्या यंत्रावर मोजणीचा आठवडा पुन्हा करा.

दुसरा घोळ निकोटीन सॉल्ट आणि साध्या, म्हणजे फ्रीबेस, निकोटीनचा. सॉल्टमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, बहुधा बेंझोइक, त्यामुळे २० चं लिक्विडही घशाला टोचत नाही. फ्रीबेस १८ ला घसा खवखवून उठतो. ते टोचणं म्हणजे एक प्रकारचा पहारेकरी असतो. सॉल्टमध्ये तो झोपलेला असतो, म्हणून किती ओढलं ते कळत नाही. सॉल्टवरून फ्रीबेसवर जायचं असेल तर तो स्वतंत्र बदल समजा. सॉल्टचं लिक्विड मोठ्या यंत्रात मात्र कधीच भरू नका. मळमळ, गरगरणं, छातीत धडधड, उचक्या आणि डोकं ठणकणं ही जास्त निकोटीन झाल्याची लक्षणं, आणि ती तिथे पाच मिनिटांत भेटतील.

फेकून द्यायचे डिस्पोजेबल व्हेप वापरत असाल तर त्यात बारीक पायऱ्या मिळत नाहीत: २०, फार तर १०, मग एकदम शून्य. आधी भरता येणाऱ्या पॉडवर या, तेवढ्याच ताकदीच्या लिक्विडसह. स्थिरावा. उतरणं त्यानंतर.

पायऱ्या किती उंच

दुकानातल्या बाटल्यांवरचे आकडे बघा: १८, १२, ६, ३, ०. दिसायला जिना सारखा वाटतो. तसा तो नाही. १८ वरून १२ म्हणजे एक तृतीयांश कपात. १२ वरून ६ म्हणजे निम्मी. ६ वरून ३ पुन्हा निम्मी. ३ वरून ० म्हणजे सगळंच. जसजसं खाली याल तसतशी पायरी उंच होत जाते, आणि मग लोक म्हणतात, '६ पर्यंत सहज आलो, पुढे जमतच नाही.' दोष त्यांच्या जिद्दीचा नाही, सुताराचा आहे.

म्हणून जिना आपणच बांधायचा. दर वेळी साधारण पाव ते एक तृतीयांश कपात, अगदी तळाच्या पायऱ्या सोडल्या तर त्याहून जास्त नाही. १८ वर असाल तर १५, १२, ९, ६, साडेचार, ३, २, १. सॉल्टच्या २० वर असाल तर १५, १०, साडेसात, ५, आणि तिथून वरच्यासारखंच. १५ वरून १० ची पायरी जड गेली तर मध्ये साडेबाराची घाला. यातल्या निम्म्या बाटल्या दुकानात मिळणार नाहीत, त्या मिसळून करायच्या; तो भाग खाली आहे.

एका पायरीवर किती दिवस? कॅलेंडरला विचारू नका, बाटलीला विचारा. ताकद उतरवली की पहिले आठ-दहा दिवस लिक्विड जास्त जाणारच. शरीराला हवं तेवढं निकोटीन ते काढून घेतं. झुरके लांबतात, वाढतात. २०१८ साली वीस अनुभवी व्हेपरवर केलेल्या एका अभ्यासात हेच दिसलं: १८ ऐवजी ६ चं लिक्विड दिलं की तीच माणसं लांब लांब झुरके घेऊ लागली आणि जास्त लिक्विड संपवू लागली. वाफ जास्त गेली की वाफेतले बाकीचे घटकही जास्त जातात, फॉर्मल्डिहाइडसकट. म्हणजे घाईची उडी नुसती निरुपयोगी नाही, उलट तोट्याची आहे.

तर खूण अशी: तुमचं रोजचं मिली पहिल्या आठवड्यातल्या मोजणीच्या आसपास परत आलं आणि दोन आठवडे तिथेच टिकलं, की ही पायरी तुमची झाली. मग पुढची. बहुतेकांना याला तीन ते पाच आठवडे लागतात, काहींना दोन महिने. सगळा जिना उतरायला आठ-दहा महिने गेले तर ते उत्तम झालं असं समजा. मला अकरा लागले, वर सांगितलेला वाया गेलेला महिना धरून.

मिली खाली येतच नसेल तर? सहा आठवडे झाले आणि अजून दीडपट जातंय, तर पायरी उंच झालीय. मधली पायरी घाला. ९ वरून ६ जड गेलं तर साडेसात करा.

मिसळायचं कसं

गणित शाळेतलंच आहे. प्रत्येक बाटलीचे मिली गुणिले तिची ताकद, दोन्हींची बेरीज, भागिले एकूण मिली.

१२ आणि ६ सारख्या मापाने मिसळलं की ९. सहाचं ३० मिली आणि शून्याचं १० मिली: १८० भागिले ४०, म्हणजे साडेचार. तीनचं २० मिली आणि शून्याचं १० मिली म्हणजे २. तीनचं १० आणि शून्याचं २० म्हणजे १. सॉल्टच्या २० चं १५ मिली आणि शून्याचं ५ मिली म्हणजे १५.

चव एकच घ्या, शक्यतो एकाच कंपनीची आणि त्याच गुणोत्तराची. लिक्विडमध्ये पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल, पातळ) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन, दाट) असे दोन घटक असतात. ७० टक्के व्हीजीचं दाट शून्य लिक्विड लहान पॉडच्या कापसात नीट मुरत नाही आणि कॉइल करपतं. मिसळल्यावर बाटली चांगली हलवा, एक रात्र ठेवा, आणि तारीख आणि ताकद लिहिलेली चिठ्ठी लावा. चिठ्ठी लावायचा कंटाळा मीही केला होता. साडेचार आणि नऊच्या दोन सारख्या बाटल्या शेजारी ठेवून तीन दिवस भलत्याच बाटलीवर काढले, आणि 'वा, या वेळी काहीच त्रास नाही' म्हणून मिरवलं.

काही गोष्टी ठाम. मिसळायचं ते फक्त व्हेपसाठी बनलेलं तयार लिक्विड. पाणी नाही, खाण्याचा इसेन्स नाही आणि तेल तर कुठल्याच प्रकारचं नाही. २०१९ साली अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे अडुसष्ट जणांचा जीव गेला. त्यातली बहुतेक प्रकरणं गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या व्हेप-कार्ट्रिजची होती आणि मुख्य संशय ठरला तो त्यात घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थावर. पोटात चालणारं सगळं छातीत चालत नाही.

घरी लिक्विड बनवण्यासाठी काही जण तीव्र निकोटीनचा बेस आणतात. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. उतरण्यासाठी त्याची गरजही नाही, आपल्याला ताकद कमी करायचीय. साधं लिक्विडही त्वचेतून शोषलं जातं, म्हणून मिसळताना हातमोजे घाला, सांडलं तर लगेच साबणाने धुवा. गोड वास आणि रंगीत बाटली ही लहान मुलाला आमंत्रण देणारी जोडी आहे. दोन घोटही त्याच्या जिवावर बेतू शकतात. कुलूपबंद कपाट, उंच फळी नव्हे. मुलाने किंवा पाळीव प्राण्याने गिळलं तर वाट न बघता दवाखाना.

नव्या पायरीचे पहिले दहा दिवस

पहिले तीन-चार दिवस सर्वांत त्रासाचे. चिडचिड, लक्ष न लागणं, झोप तुटणं, सारखी भूक. मेंदूतल्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) निकोटीन बसतं त्यांची संख्या वर्षानुवर्षांच्या सवयीने वाढलेली असते आणि पुरवठा कमी झाला की ते आरडाओरडा करतात. काही आठवड्यांत त्यांची संख्या उतरते. एकेका तलफेचं आयुष्य मात्र फार लहान असतं, काही मिनिटांचं. घड्याळ लावून बघा. मी पाच मिनिटांपुढे गेलेली तलफ क्वचित पाहिलीय. तेवढ्या वेळात खोली बदलली, दात घासले, कुणाला फोन केला तरी ती निघून जाते.

निकोटीन कमी झालं की घशाला लागणारी ठसकही कमी होते आणि माणसाला वाटतं, काहीच मिळत नाहीये. इथे थोडी फसवणूक चालते. पीजी जास्त असलेलं लिक्विड, निम्म्याला निम्मं, घशाला जास्त लागतं. हवेचं भोक थोडं बंद केलं की ओढ घट्ट होते. पुदिन्याचा थंडावा बराच भाग भरून काढतो. हे बदल लिक्विडमधलं निकोटीन वाढवत नाहीत, म्हणून 'एका वेळी एकच बदल' या नियमातून त्यांना सूट. वॅट मात्र वाढवायचे नाहीत. तो मोह सर्वांत आधी होतो आणि तिथेच मेहनत पाण्यात जाते.

एक कमी माहीत असलेली गोष्ट. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृताला कॅफीनचा निचरा जलद करायला लावतात. सिगारेट सुटली की हा वेग उतरतो आणि तेवढ्याच कॉफीने रक्तातलं कॅफीन दुपटीच्या घरात जाऊ शकतं. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही, त्यामुळे व्हेपने ते भरून निघत नाही. हात थरथरणं, छातीत धडधड, रात्री टक्क जागं राहणं हे सगळं आपण निकोटीनच्या खात्यावर मांडतो, आणि खरा धनी कॉफीचा चौथा कप असतो. आधी चहा-कॉफी निम्मी करून बघा. क्लोझापिन, ओलांझापिन, थिओफिलिन अशा औषधांचंही हेच आहे: सिगारेट सुटल्यावर ती शरीरात जास्त साचतात. यातलं काही घेत असाल आणि सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगितलं नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते करा.

वजन दोन-चार किलो वाढू शकतं. निकोटीन भूक दाबतं, ते उतरलं की भूक वर येते. त्याच महिन्यात कडक आहार सुरू करू नका. एका वेळी एकच लढाई.

ताकद नाही, वेळा कमी करणं

काहींना जिना मानवत नाही. ताकद उतरली की ते ओढतच राहतात. त्यांच्यासाठी दुसरी वाट: ताकद तीच, जागा आणि वेळा कमी. मोजणीच्या आठवड्यात 'चाळा' म्हणून लिहिलेले झुरके आधी काढा. गाडीत नाही. अंथरुणात नाही. कामाच्या टेबलावर नाही, उठून बाहेर जाऊनच. यंत्र खिशात ठेवण्याऐवजी दुसऱ्या खोलीत ठेवा. उठायला लागलं की पुष्कळ तलफा आळसापुढे हरतात. सकाळचा पहिला झुरका दर आठवड्याला पंधरा मिनिटं पुढे ढकला. मी दोन्ही वाटा मिसळल्या: वरच्या पायऱ्यांवर ताकद उतरवली, ३ वर आल्यावर वेळा कमी केल्या. या क्रमाने जास्त सोपं गेलं, कारण ३ पर्यंत येताना सवयीचा वेढा आपोआप सैल झाला होता.

घसरलात तर

एक पायरी वर जाणं ही घसरण नाही. ६ वर जीव घुसमटतोय आणि पानटपरीकडे पाय वळतोय असं वाटलं, की त्याच संध्याकाळी ९ भरा आणि दोन महिने तिथेच राहा. खरी घसरण एकच, सिगारेट. म्हणून मी मागच्या पायरीची अर्धी बाटली नेहमी कपाटात ठेवायचो. दोनदा उपयोगी पडली.

आणि सिगारेट ओढलीच, तर तिथून दुसरी टाळणं एवढंच काम. लगेच वरच्या पायरीच्या व्हेपवर जा. 'आता सगळं गेलंच' म्हणून पाकीट विकत घेणारे मी पाहिलेत. एका सिगारेटने काही जात नाही, त्या पाकिटाने जातं.

शेवटच्या तीन मिलिग्रॅमचं दुखणं

३, २, १ आणि शून्य. इथे निकोटीन थोडंच असतं, तरी इथेच लोक वर्षानुवर्षं अडकतात, कारण उरलेली असते ती हाताची आणि तोंडाची सवय. एक युक्ती चांगली चालते: दोन पॉड, दिवसा शून्याचं, रात्री जेवणानंतर दोनचं. मग आठवड्यातून एक रात्र शून्य, मग दोन. निकोटीन कधी संपलं ते कळतही नाही.

काहींना उलट जमतं. ६ किंवा ३ वर असतानाच व्हेप पूर्ण बंद करून पॅच किंवा गमवर जायचं. पॅच दिवसभर संथपणे निकोटीन सोडतो. त्याच्या उतरत्या मात्रा ठरलेल्या असतात, चोवीस तासांच्या पॅचच्या २१, १४ आणि ७ मिलिग्रॅम. तुमच्यासाठी कुठून सुरुवात करायची ते डॉक्टर किंवा औषधविक्रेता सांगेल. निकोटीन गम साध्या गमसारखं चघळायचं नसतं. जिभेला झिणझिण्या येईपर्यंत चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा; साधारण अर्धा तास. भराभर चघळलं तर निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात आणि माणूस गमला नावं ठेवतो. व्हॅरेनिक्लिन हे सिगारेट सोडवणारं औषध व्हेप सोडण्यासाठीही चाचण्यांमध्ये उपयोगी ठरलंय. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

शून्याच्या लिक्विडवर किती दिवस राहायचं? माझं मत, दोन महिन्यांपेक्षा जास्त नको. निकोटीन नसलं तरी तापलेली वाफ छातीत जातेच, आणि वर्षानुवर्षं ती घेतल्याने काय होतं हे सांगण्याइतकी व्हेपची उमरच झालेली नाही. पण शून्याचं व्हेप आणि सिगारेट यात निवडायची वेळ आली तर मला क्षणाचाही विचार लागणार नाही.

संपल्यावर उरलेलं लिक्विड मोरीत ओतू नका, बाटली घट्ट बंद करून घातक कचऱ्यात द्या. यंत्रातली लिथियमची बॅटरी साध्या कचऱ्यात चेपली गेली तर पेट घेते, ती ई-कचऱ्याच्या पेटीत. माझं जुनं पॉड अजून खणात पडलंय, टाकायचं राहून गेलंय. त्याचं चार्जर मात्र मी टॉर्चला लावलंय.